अंगावर काढलेलं

फेब्रुवारीत, हिबिंगच्या थोडं अलीकडे,
बाहेर उणे सव्वीस,
स्पीडोमीटरखाली तो लागला.
इंजिनाचं बाळबोध चित्र, पिवळं.
कुणी झारी काढायला बसावं
आणि मध्येच कंटाळावं, तसं.

मी कान दिला. आवाज नव्हता.
वास घेतला. कालची कॉफी, ओले बूट.
ब्युइक थोडी थरथरत होती,
पण त्या थंडीत कोण थरथरत नाही.
म्हटलं, बघू.

"बघू" या एका शब्दावर
मी दोन हजार मैल काढले.

पेट्रोलचं झाकण काढून पुन्हा लावलं,
तीनदा कट्ट वाजेपर्यंत,
शेजारच्या मिसेस कोस्केला म्हणाल्या म्हणून.
त्यांची गाडी एकोणीस सालापासून गॅरेजमध्ये आहे
आणि तिचा एकही दिवा लागत नाही.
भाऊ फोनवर म्हणाला, रात्रभर बॅटरीची वायर काढून ठेव,
विसरेल.
विसरली. गुरुवारी पुन्हा आठवलं तिला.
शाळेचा रखवालदार ऑर्विल म्हणाला,
काळी चिकटपट्टी, बाई. माझ्या ट्रकला सहा वर्षं आहे.

लावली.
कडेनं उजेड पाझरत राहिला,
दाराच्या फटीतून
आत कुणी जागं असल्याचं कळावं, तसा.

माझं काम मुलांचं बोलणं सोडवायचं.
चार गावं, चार शाळा, डिकीत चित्रांच्या पत्त्यांचे खोके.
ड्वेन "म"वर अडतो.
त्याच्या आईचं नाव मॅव्हिस. ते सांगायला
एकदा त्याला चाळीस सेकंद लागले.
अशा वेळी घड्याळाकडे बघायचं नाही.
शब्द त्याच्या तोंडातून ओढून घ्यायचा नाही.
नुसतं थांबायचं. तो पोचतो.

चारला शाळा सुटली की
मी किल्ली फिरवायची
आणि आरशात बघायची.

एप्रिलात रस्त्याकडेचा बर्फ काळा पडला
आणि एका सकाळी फटीत उजेड नव्हता.
पट्टी सोलली. अंधार.
गाडीत एकटीच हसले मी.
दोन डोनट घेतले, दुसरा नुसताच आनंदाचा.

तेल बदलायला तोइवो लाह्तीकडे गेले
तेव्हा मीच बढाई मारली:
आपोआप बरी झाली.
त्यानं हात पुसले. आत बसून किल्ली अर्धीच फिरवली.
"आत्ता सगळे लागतात," म्हणाला. "हजेरी देतात."
तेलाचा. बॅटरीचा. पट्ट्याचा.
एक जागा काळी.
"बल्ब गेलाय."
शब्दाला पैसे पडल्यासारखा बोलतो तो.
थोड्या वेळानं आणखी खर्च केला:
"गाडी बरी नाही झाली. सांगणारा गेला."

मग यंत्र जोडलं, आकडे आले.
फेब्रुवारीत साठ डॉलरची एक कॉइल होती.
आता तिनं खालचा कन्व्हर्टरही जाळलाय.
अकराशे. मजुरी वेगळी.

"डॅश उघडायचा तर दोन तास," तोइवो म्हणाला,
"चार डॉलरच्या बल्बसाठी.
लोक नको म्हणतात. टाकू?"

बाबा एकतीस वर्षं खाणीत होते.
रात्री भिंतीपलीकडून खोकला यायचा,
जेवताना म्हणायचे, इथे, या बाजूला.
मग एका हिवाळ्यात म्हणेनासे झाले.
आई म्हणाली, औषध लागू पडलं.
आम्ही केक आणला होता.
लिंबाचा.

मला बोलायचं होतं, पण शब्द दाराशी अडला.
लिफ्टवरच्या गाडीतून तेल टपटपत होतं.
तोइवो हातात फडकं धरून उभा राहिला.
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं नाही त्यानं,
माझं वाक्य पूर्ण केलं नाही.

आधी बल्ब, मी म्हटलं.